ताग्याबाहेरचा शर्ट

आमच्या घरात कापड वर्षातून एकदा यायचं आणि ते सगळ्यांचं एकदम यायचं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, एका कापडगिरणीच्या गोदामात कारकून होते. एरवी पायी घरी येणारा हा गृहस्थ नवरात्राच्या आधी एका संध्याकाळी जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, उतरायचा, आणि त्याच्या हातांत, तान्हं मूल घेऊन यावं तसा, खाकी कागदात गुंडाळलेला एक तागा असायचा. त्या ताग्यातून अण्णांचे सदरे, माझे शर्ट, माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, पोलकी, उशांचे अभ्रे, पुढच्या खोलीचे पडदे आणि शेवटी उरलंच तर रेडिओचा झगा निघायचा. ज्या वर्षी हिरव्या चौकटी आल्या त्या वर्षी मी खिडकीपाशी उभा राहिलो की आईला नुसतं माझं डोकं दिसायचं. आम्ही चौघं कुणाच्या लग्नाला निघालो की कानडी मुलखातल्या चामराजपेटेतली आमची अख्खी गल्ली ओट्यावर यायची आणि पोरं ओरडायची, “ब्यांडसेट बंतु!” बँड आला. अण्णा ह्यावर मान किंचित लववायचे. त्यांना ते कौतुक वाटत असावं. मला त्या वयात धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं, पण धरणीलाही चौकटीचं कापड आवडत नसावं.

तागा आला की दुसऱ्या दिवशी दस्तगीरसाब यायचे. हे आमचे शिंपी, आमच्याच गावातल्या शिवाजीनगरहून सायकलच्या मागे हातमशीन बांधून येणारे. ते आमच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसायचे आणि सगळ्यांचं शिवून होईपर्यंत रोज यायचे. आजही कुठे मशीनची ती खडखड ऐकली की माझ्या नाकात आधी कॉफीचा वास येतो. आई त्या दिवसांत लोखंडी तव्यावर कॉफीचे दाणे भाजायची, आणि दुसऱ्या चुलीवर पुळियोगरेच्या भातासाठी चिंचेचा कोळ रटरटत असायचा. मशीनची खडखड, कोळाची रटरट आणि मधूनच आईची सूचना, “दस्तगीरसाब, स्वल्प सैल ठेवा हं. वाढतं अंग आहे.” हे वाढतं अंग माझं. मी दहा वर्षांचा असताना वाढतं होतं, विसाव्या वर्षी कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हाही आईच्या हिशेबी ते वाढतच होतं. ह्या न्यायानं मला कुठलाही शर्ट ज्या वर्षी शिवला त्या वर्षी कधी बसला नाही. तो बसायला लागायचा तोवर त्याचा रंग गेलेला असायचा आणि नवा तागा आलेला असायचा. मी सतत पुढच्या वर्षीच्या स्वतःसाठी कपडे घालत होतो, आणि तो पुढच्या वर्षीचा मी काही केल्या येत नव्हता.

कारखान्यात मी नकाशे उतरवून घ्यायच्या कामावर होतो. आठवडाभर खाकी गणवेश, त्यामुळे तिथे माझी लाज झाकली जायची. पण शनिवारी अर्ध्या दिवसानंतर डेरिक कपडे बदलून बाहेर पडायचा, आणि मला माझं खाकीसुद्धा चौकटीचं वाटायला लागायचं. डेरिक माझ्या शेजारच्या टेबलावरचा, कँटोन्मेंटातला मुलगा. त्याचे शर्ट बाहेर सोडलेले, त्यांवर पोपट, होड्या, नारळाची झाडं. तो चालायचा ते कुठे पोचायची घाई नसल्यासारखा. मी त्याच्या शर्टाकडे बघायचो आणि मला वाटायचं की सगळी गंमत त्या पोपटात आहे. ह्या डेरिकनं नवरात्राच्या सुमारास एका रविवारी हेब्बाळच्या तळ्यावर सहल ठरवली. तेव्हा हेब्बाळ म्हणजे गावाबाहेरचं पाणी, निलगिरीची झाडं आणि बगळे. तो मला म्हणाला, “तूही ये मॅन. कॅझ्युअल ये.” तोवर मला कॅझ्युअल फक्त रजा ठाऊक होती. रविवारी रजा कशाला घ्यायची हे मी त्याला विचारणार होतो, पण त्यानं आपल्या शर्टाची बाही चिमटीत धरून दाखवली आणि मी वाचलो.

घरी येऊन मी पेटी उघडली. त्या वर्षीचा तागा निळ्या बारीक रेघांचा होता. दस्तगीरसाबांनी माझे दोन शर्ट नुकतेच पुरे केले होते आणि त्या प्रत्येकात मी आणि आणखी अर्धा मी राहू शकलो असतो. तेच कापड पुढच्या खोलीत पडद्यावर, तेच अण्णांच्या अंगावर. मी आरशासमोर उभा राहिलो. खिडकीचा एक जास्तीचा पडदा असावा तसा मी दिसत होतो. हे इथे हसत लिहितोय, पण तेव्हा मला खरंच रडू आलं होतं. आपण घरातल्या सामानापैकी एक नसून कुणीतरी आहोत, एवढं एका रविवारी चार लोकांना दिसावं, इतकीच माझी इच्छा होती. आणखी एक कारण होतं, ते समोरच्या घरात राहायचं. लिमये म्हणून पुण्याचं कुटुंब, वडील एका संशोधनसंस्थेत, आणि त्यांची मुलगी नलिनी. आमचं मराठी ऐकून ती ओठ मुडपायची. आई “स्वल्प साखर घाल” म्हणाली की नलिनीला घराबाहेर जाऊन हसून यावं लागे. नवा तागा आला की ती आपल्या पायरीवरून मला विचारायची, “काय हो, यंदाचा गणवेश कुठला?” मी उत्तर काय देणार? उत्तर मी घातलेलं असायचं.

दुसऱ्याच दिवशी मी शिवाजीनगरला जाऊन कापड आणलं. मोहरीच्या फुलाच्या पिवळ्या रंगावर तांबडी पानं. कुठल्या झाडाची पानं ती, हे झाडालाही सांगता आलं नसतं. आता शहाण्या माणसानं ते कापड तिथल्याच एखाद्या शिंप्याकडे टाकलं असतं. पण मला जन्मापासून दस्तगीरसाबांखेरीज कुणी माझं माप घेतल्याचं आठवत नव्हतं. अनोळखी शिंप्यानं माझ्या छातीला टेप लावायची ही कल्पनाच मला कशीतरी वाटली. म्हणून मी ते कापड कोटाखाली लपवून घरी आणलं आणि सरळ आमच्याच ओट्यावर, आमच्याच दस्तगीरसाबांच्या सतरंजीखाली सरकवलं.

“दस्तगीरसाब, एक प्रायवेट काम है.”

“बोलो बाबा.”

“टैट होना. एकदम टैट.” मी डेरिकच्या शर्टाची ऐट मनात आणून छाती आवळून दाखवली. खरं तर डेरिकचा शर्ट सैलच असायचा, पण सैल म्हणजे आमचं घर, ह्यापलीकडे मला काही दिसतच नव्हतं. “और मेरी करड्या रंगाची पँट, उसका पाय बी टैट. नळी के माफिक.”

दस्तगीरसाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “इत्ता टैट? सांस कां से लेते फिर?”

“सांस का मैं देखता. अम्मा कू बोलना नक्को.”

“नै बोलता. शर्ट का नाम बी नै लेता,” ते म्हणाले, आणि मशीनचं चाक फिरवलं. शर्टाचं नाव त्यांनी खरोखर घेतलं नाही. माणूस शब्दाचा पक्का होता.

आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, जी मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होती आणि जी मी नेमकी त्या आठवड्यात विसरलो. घरात बसून शिवलेल्या कापडाची कातरण घराची. शिंप्यानं त्यातली चिंधीसुद्धा न्यायची नाही. दस्तगीरसाब काम संपलं की सगळ्या कातरणीचं गाठोडं बांधून आईच्या पुढ्यात ठेवायचे. आणि त्या कातरणीतून आई आणि अक्का नवरात्रातल्या बाहुल्यांना कपडे करायच्या. आमच्याकडे म्हैसूरकडच्या पद्धतीनं पायऱ्या मांडून बाहुल्या बसवत. वाणी आणि वाणीण, पोलीस, बँडवाले, लग्नाची वरात, आणि सगळ्यांच्या वरच्या पायरीवर लाकडाची राजा-राणी, आईला तिच्या लग्नात तिच्या आईनं दिलेली. ही राजा-राणीची जोडी दर वर्षी नवे कपडे नेसते. अर्थात आमच्या घरी ती नव्या ताग्याचेच नेसायची. आमच्याकडच्या राजालाही गणवेशातून सुटका नव्हती. विसाव्या वर्षी मी बाहुल्यांकडे बघणं तत्त्व म्हणून सोडून दिलं होतं. तत्त्वापायी माणूस कसा फसतो बघा.

सहलीच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मी ठरवलं की नव्या शर्टाला जरा अंगाची सवय करून द्यावी. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं, इतकंच. मी आतल्या खोलीत कपडे चढवले. चढवले म्हणजे काय, पँटमध्ये पाय घालताना मला गादीवर उताणं पडून छताकडे पाय करावे लागले. शर्टाच्या गुंड्या लागल्या, पण श्वास घ्यायचा तर वरच्यावर, मांजरासारखा. केसांना तेलपाणी केलं. बाहेर पडायची एक वाट न्हाणीघराच्या मागून होती. पण असा शर्ट मागच्या दारानं नेणं मला त्या शर्टाचा अपमान वाटला. मी पुढच्या खोलीचा पडदा सारून बाहेर आलो.

खोली बायकांनी भरलेली. बाहुल्या बघायला गल्लीतल्या सगळ्या जमल्या होत्या, हातात द्रोण, द्रोणात वाफाळलेली गुग्गरी, म्हणजे फोडणी दिलेले हरभरे. आणि बाहुल्यांसमोर पाटावर नलिनी गात बसली होती, कारण आलेल्या मुलीनं बाहुल्यांपुढे एक गाणं म्हणायचं ही पण रीत. तिनं तान घेण्यासाठी मान वर केली आणि मी तिला दिसलो. मग तिची नजर माझ्यावरून वरच्या पायरीवर गेली. तिथून परत माझ्यावर आली. तान जिथे होती तिथेच मोडली. सगळ्या बायकांनी तिच्या नजरेमागे नजर फिरवली, आणि शेवटी मीही फिरवली.

वरच्या पायरीवर लाकडी राजा उभा होता. त्याच्या अंगात मोहरीच्या रंगाचा, तांबड्या पानांचा अंगरखा. तो त्याला माझ्यापेक्षा चांगला बसला होता.

“अहो,” नलिनी म्हणाली. हसू दाबताना तिचा आवाज चिरकत होता. “ह्या दोघांत राजा कोण?”

“अय्यो देवा!” अक्का किंचाळली. “मला वाटलं दस्तगीरसाबांनी दुसरीकडची कातरण चुकून घातली! किती छान आहे म्हणून मी राजाला...” पुढे तिला बोलवेना. मागच्या गल्लीतल्या एक आजी पुढे आल्या. त्यांना सगळा प्रकार फार मंगल वाटला असावा. त्यांनी आधी राजाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, मग माझ्या. “इब्बरू चेन्नागिद्दारे,” त्या म्हणाल्या. दोघंही छान दिसताहेत. त्यानंतर जे हसं पिकलं त्यात एका बाईच्या हातचा द्रोण उलटला आणि हरभरे थेट माझ्या पायापर्यंत घरंगळत आले. ते वेचायला वाकावं असं मला फार वाटलं, म्हणजे तोंड लपलं असतं. पण त्या पँटमध्ये वाकणं शक्य नव्हतं. मी ताठ उभा राहिलो. राजाही ताठ उभा होता.

हसं ऐकून अण्णा आतून आले. अंगात निळ्या रेघांचा सदरा, खाली पांढरा पंचा. त्यांनी मला बघितलं, राजाला बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझ्या बाहीची कड अंगठा आणि बोटात धरून हळूच चोळली. गिरणीत कापड पारखताना ते असंच करत असणार.

“कुठलं?”

“शिवाजीनगर.”

“हं.” त्यांनी बाही सोडली. “भिजवून घेतलेलं नाही. आटेल.”

बस्स, एवढंच. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी राग समजत होतो. राग असता तर बरं झालं असतं. अक्का तोवर पायरीवर चढून राजाचा अंगरखा सोडायला लागली होती. “राहू दे अक्का,” अण्णा म्हणाले. तिला घरातले सगळे, अण्णासुद्धा, अक्काच म्हणायचे. “राजानं एकदा नेसलं की दसऱ्यापर्यंत उतरवत नाहीत.” आणि ते आत निघून गेले. दसऱ्यापर्यंत मग गल्लीतलं एकही घर उरलं नाही जिथून कुणीतरी तो राजा बघायला आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर अख्खी बाही दाखवली होती.

तरीही रविवारी मी तोच शर्ट घालून निघालो. तुम्ही विचाराल, का? तर माघार घ्यायची तर उरलेला शर्ट कोणता होता, तो आठवा. निळ्या रेघा घालून जाणं म्हणजे पडद्यापुढे हार मानणं. आईनं माझ्या कापडी पिशवीत पुळियोगरेचा डबा भरून दिला, मी ती न बघता सायकलच्या हँडलला अडकवली. सायकलवर टांग टाकताना पँटनं पहिली धमकी दिली, म्हणून मी बराच रस्ता सायकल हातात धरून चालत गेलो. तळ्यावर पोचलो तेव्हा मंडळी गवतात पसरलेली होती. डेरिक पोपटांच्या शर्टात एका निलगिरीला टेकून होता. सगळे म्हणाले, बस. मी म्हणालो, उभाच बरा, हवा छान आहे. बसलो असतो तर पँट उसवली असती, ही आतली गोष्ट. मग त्यांनी चेंडू टाकला, मी झेलायला हात वर केला तर काखेत शिवण ओरडली, म्हणून मी हात खाली घेतला आणि चेंडू कपाळानं झेलला. सगळे जेवायला बसले, मी उभ्यानं हवा खात राहिलो. तळ्यात बगळे, काठावर मी. त्यांच्यात आणि माझ्यात फरक इतकाच की बगळे काहीतरी खात होते. डेरिक माझ्याकडे पाहून म्हणाला, “तुझी तब्येत बरी नाही का?” आयुष्यात पहिल्यांदा मी मला हवे तसे कपडे घातले होते, आणि लोक माझ्या तब्येतीची चौकशी करत होते.

मग चेंडू पाण्यात गेला. उभा असलेला एकटा मीच, म्हणून आणायला मी गेलो. काठचा चिखल निसरडा, पँटीमुळे पाऊल लांब टाकता येईना. मी चेंडूसकट गळ्यापर्यंत पाण्यात गेलो. बाहेर आलो तो शर्टाचा मोहरीचा रंग कोपरांवरून ओघळत होता, आणि कापड, अगदी माझ्या डोळ्यांदेखत, अंगावर आवळत चाललं होतं. लोक हसले, पण चांगल्या मनानं हसले. मी पंचा शोधायला पिशवी उघडली. डब्याखाली पंचा होता. पंच्याखाली घडी घातलेला निळ्या रेघांचा शर्ट होता, आणि माझी जुनी ढगळ पँट.

झाडामागे जाऊन मी कपडे बदलले. शर्टाला पेटीतल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता. गळ्यापाशी, उलट्या बाजूनं, हळदीचा ठिपका होता. नवं कापड देवापुढे ठेवून, हळद लावून मगच घालायचं, ही आईची शिस्त. पानांच्या शर्टाला ती हळद मिळालीच नव्हती. मी शर्ट पँटीत न खोचता बाहेरच सोडला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि मंडळींत जाऊन मांडी घालून बसलो. डब्याचं झाकण उघडलं. डेरिकनं आपली बशी बाजूला ठेवून थेट डब्यात हात घातला, चिंचेचा भात तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, “तुझ्या आईला सांग, मी तुमच्याकडे राहायला येतोय.” मी दोन्ही हात वापरून चेंडू झेलला. मी गवतावर लोळलो. मी मोठ्यानं हसलो, आणि श्वास पोटापर्यंत गेला. शर्ट बदलल्याचं कुणी बोललं नाही. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसावं. तेव्हा मला ह्याचं थोडं वाईटच वाटलं.

संध्याकाळी घरी आलो तर अण्णा ओट्यावर बसले होते. माझ्या हातातला ओला बोळा त्यांनी पाहिला.

“आटलं?”

“आटलं.”

“हं,” ते म्हणाले, आणि पायरीवर जरा सरकले. मी त्यांच्या शेजारी बसलो. रस्त्यानं जाणाऱ्या पोरांपैकी एकानं आम्हां दोघांकडे, दोघांच्या रेघांकडे बघून “ब्यांडसेट!” अशी आरोळी दिली. अण्णांनी मान लववली. मीही, न ठरवता, लववली.

पुढच्या नवरात्राच्या आधी अण्णा मला म्हणाले, “चल गिरणीत. यंदा तू बघ.” मी त्या गोदामात तोवर कधी गेलो नव्हतो. मला वाटायचं, पहिला हाती लागेल तो तागा ते उचलून आणत असणार. उत्तरेकडच्या खिडकीपाशी त्यांनी एकेक तागा उलगडायला घेतला. “ही रेघ जाड आहे, अक्काला उठून दिसेल पण तुझ्या आईचे डोळे दुखतील, दिवसभर पडदा तिच्यासमोर असतो. हा रंग चांगला, पण तुझ्या काळ्या... सावळ्या अंगाला मरतो.” ते प्रत्येक कापड उजेडाकडे धरत आणि त्यातून पलीकडे कुणालातरी बघत. आईला, अक्काला, मला. निळ्या रेघांचा तागा ह्याच खिडकीशी असाच कितीतरी वेळ धरून निवडलेला असणार. मी ज्याला गणवेश म्हणत होतो ते प्रत्येकासाठी वेगवेगळं शोधून शेवटी एक निघालेलं कापड होतं. हे मी तेव्हा त्यांना म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी एका डाळिंबी ताग्यावर बोट ठेवलं. अण्णांनी तो चोळून बघितला, मग आपली बोटं बघितली. “सरी,” म्हणाले, म्हणजे ठीक. तागा बांधायला दिला.

डाळिंबी रंग पहिल्याच धुण्यात सुटला. पंचे गुलाबी झाले, चादरी गुलाबी झाल्या. नव्या अभ्र्यांवर झोपून उठलो की आम्हां सगळ्यांचा एकेक गाल लाजल्यासारखा दिसायचा. आईनं कपाळाला हात लावला. अण्णा मात्र वर्षभर तो सदरा बंद गळ्याच्या कोटाखाली घालून गिरणीत गेले, जिथे सगळ्यांना कापडातलं कळत होतं. घरी येऊन कोट काढला की त्यांच्या मानेवर घामानं उमटलेली एक गुलाबी रेघ असायची. कुणी विचारलं तर सांगायचे, “मुलाची निवड.”

लिमयांची बदली दिल्लीला झाली. निघताना नलिनीनं आईला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “राजेसाहेबांनाही नमस्कार.” टांगा वळेपर्यंत मी हसत होतो. पुढे बरेच दिवस समोरच्या पायरीवरून कुणीतरी गणवेशाची चौकशी करावी असं मला वाटायचं. अक्का लग्न होऊन धारवाडला गेली. मग अण्णा गेले. त्यांचे कोट आवरताना मी आईला म्हणालो, तू त्या दिवशी पिशवीत शर्ट ठेवलास म्हणून माझी अब्रू वाचली. आई घडी घालता घालता थांबली. “मी कुठला शर्ट? मी नुसता डबा दिला. पिशवी अण्णांनी भरली. पहाटे उठून शर्टाला हळद त्यांनीच लावली. तुला ठाऊक नव्हतं?” मला ठाऊक नव्हतं. मी एक कोट उचलला आणि बराच वेळ त्याची बाही अंगठ्या-बोटात धरून उभा राहिलो.

आता मी मुलाकडे महादेवपुऱ्यात राहतो. घरात पाच माणसं आणि पाच तऱ्हा, ज्याचं त्याचं कापड जो तो मागवतो. ते बरंच आहे, कुणी कुणाच्या पडद्यात अडकत नाही. दसऱ्याच्या सकाळी सगळे बाहेरच्या खोलीत येतात तेव्हा मात्र मी उगाच एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर नजर फिरवतो, कुठे काही जुळतंय का बघतो. माझे शर्ट मी अजून शिवाजीनगरला शिवून घेतो. बारीक निळ्या रेघा, अर्ध्या बाह्या, बाहेर सोडायचे. तिथला तरुण शिंपी दर वेळी विचारतो, “अंकल, स्लिम फिट?” मी म्हणतो, “नक्को. स्वल्प सैल.” माझं अंग आता वाढत नाही, उलट दर वर्षी थोडं आटतं. पण सैलातच मी मावतो.

राजा-राणी माझ्याकडे आहेत. त्या वर्षीचे कपडे आईनं पुढे बदललेच नाहीत, का ते तिनं सांगितलं नाही आणि मीही बदलले नाहीत. राजाच्या अंगात तांबडी पानं, राणीच्या अंगात अण्णांच्या निळ्या रेघा, शेजारी शेजारी. गेल्या नवरात्रात सून म्हणाली, “बाबा, फार जुने झालेत हो हे. नवे शिवू?” मी म्हणालो, “राहू दे.” नात पायरीपाशी उभी होती. तिनं राणीकडे बघितलं, मग माझ्या शर्टाकडे, मग परत राणीकडे. ती नजर मी ओळखली. पूर्वी एकदा तशाच नजरेपायी एक तान मोडली होती.

“आज्जा,” ती म्हणाली, “तुम्ही राणीसारखे दिसता.”

सगळे हसायला लागले. मी पुढे झालो, राणीच्या पदराची कड अंगठ्या-बोटात धरली आणि हळूच चोळून पाहिली. मग मान लववली.